खुर्ची जागेवर नव्हती

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या गल्लीच्या समुदाय भवनातली लाकडी खुर्ची जागेवर नव्हती. दोन सतरंज्याही नव्हत्या. दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ली अक्काकडे होती.

गल्ली बिदरच्या नौबाद भागात आहे. भवन म्हणजे पत्र्याच्या छताचा एक लांब हॉल आणि मागे सामानाची खोली. अक्काचं घर भवनाला लागून आहे. तिचं वय सत्तरच्या आसपास. ती ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते. शहराबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं सकाळी तिच्या दारातून भाकरी घेऊन जातात. भवनाची किल्ली एकोणीस वर्षं तिच्या दाराबाहेरच्या खिळ्याला होती, तुटक्या लाटण्याच्या तुकड्याला बांधलेली. ज्याला हवी तो काढायचा, काम झालं की परत लावायचा. एवढ्या वर्षांत भवनातून काही गेल्याचं मला आठवत नाही. पण कोणी मोजलंही नव्हतं.

मोजणी त्या वर्षी सुरू झाली. पावसाळ्याच्या शेवटी सरकारचा एक कार्यक्रम आला. भवनावर कन्नडमध्ये फलक लागला: नागरिकांचं सबलीकरण, रहिवाशांच्या हाती भवन. एक तरुण मॅडम टॅबलेट घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं असं की, भवन आजवर कोणाचंच नव्हतं, आता ते रहिवाशांचं होईल. त्यासाठी समिती हवी, समितीसाठी रहिवाशांची यादी हवी आणि सामानाचं रजिस्टर हवं.

गल्लीत याचं स्वागत झालं नाही. यादी म्हटलं की आमच्याकडे लोक आधी दार अर्धं लोटतात.

"कामून इचारायलाय? आमी हितंच हाव की तीन पिढ्या."

"मातृभाषा काय लिहायलाय, अण्णा? कन्नड लिवा. न्हाई, थांबा. कोण बघणार हाय ते आदी सांगा."

"खोल्या दोन लिवा. वरची लिवू नका, वरच्या खोलीत कणग्या हायत."

वरच्या खोलीच्या खिडकीत मला पंखा फिरताना दिसत होता. मी दोन लिहिलं.

यादी मी केली, कारण मला कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता येतं आणि कलबुर्गीला एका दैनिकात माझी नोकरी झाली होती. त्यावरून समितीचा सचिवही मीच ठरलो. अध्यक्ष अप्पा झाले. अप्पांचा बी-बियाणांचा व्यापार आहे. गल्लीतलं पहिलं दुमजली घर त्यांचं. गल्लीच्या मागे, नाल्याच्या पलीकडे, तिथल्या रस्त्याकडे तोंड करून त्यांच्या चार खोल्या आहेत. यादीसाठी मी तिथे गेलो तेव्हा अप्पा बरोबर होते.

"हितं कोणी राहत न्हाई," ते म्हणाले. "गोडाऊन हाय."

दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. एका दारापुढे रांगोळी होती. खोल्या भाड्याने दिल्याचं दाखवलं तर घरपट्टी वाढते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी यादीच्या बेचाळिसाव्या ओळीत 'गोडाऊन' असं लिहिलं. त्याआधीच्या एक्केचाळीस ओळींत एक्केचाळीस घरं होती.

रहिवासी कोण, तर यादीत नाव असेल तो. भवनाची वस्तू कोणाला मिळेल, तर रहिवाशाला, रजिस्टरमध्ये सही करून. हे नियम मॅडमनी वाचून दाखवले, मी मराठीत सांगितले. सगळ्यांनी माना हलवल्या. अक्काचं नाव यादीत तिसरं होतं आणि ती समितीतही होती. समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम होता.

शनिवारची मोजणी रजिस्टरच्या पहिल्या पानासाठी होती. पुढच्या महिन्यात एक अधिकारी उद्घाटनाला येणार होते. मी आणि मॅडम एकेक वस्तू पाहून लिहीत होतो. तांब्याचा हंडा एक, स्टीलचे पेले साठ, ध्वजाची काठी एक. खुर्चीपाशी आलो तर तिथल्या फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या.

खुर्ची सागवानी होती, हातांची, उंच पाठीची. मागचा डावा पाय लोखंडी पट्टीने जोडलेला. झेंडावंदनाला पाहुणा तिच्यावर बसायचा, लग्नात नवरदेव. आणि गल्लीत मौत झाली की मयत. आमच्यात, लिंगायतांत, मयताला आडवं ठेवत नाहीत. विभूती लावून, हार घालून बसवतात, बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. पाहुण्यांना हे कधी सांगितलं गेलं नाही.

शेजारी जाऊन मी अक्काला विचारलं. ती तव्यापुढे होती.

"खुर्ची कुठं आहे?"

"हाय."

"कोणी नेली?"

"येईल. बस रे अण्णा, भाकरी खा."

मी भाकरी खाल्ली नाही.

याची एक बाजू मला माहीत होती. लग्नाला वस्तू न्यायची तर आमच्याकडे विचारून नेतात. मौतीला विचारत नाहीत. किल्ली काढायची आणि न्यायचं. परत कधी आणणार हे कोणी विचारत नाही. जिच्याकडे किल्ली तिने वस्तू परत येईपर्यंत त्या घराचं नाव काढायचं नाही. नाव काढलं तर खुर्ची पुन्हा त्याच घरी जाते, असं म्हणतात. आमच्यात सुतक पाळू नये असं शिकवतात, आणि तरी हे पाळतात.

म्हणून मी यादी काढली. मी त्या आठवड्यात बुधवारपासून शुक्रवारपर्यंत डोळे तपासायला कलबुर्गीला गेलो होतो, गल्लीत नव्हतो, म्हणून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून चौकशी केली. एक्केचाळीस घरांपैकी एकाही घरात मौत झालेली नव्हती. ती शक्यता मी खोडली. त्यानंतर अक्काचं न बोलणं मला वेगळं दिसू लागलं. न बोलायला तिच्याकडे एक जुनी रीत तयार होती.

रविवारी समोरच्या घरातल्या बाई स्वतःहून सांगायला आल्या. गुरुवारी पहाटे त्यांनी भवनाच्या मागे टेम्पो पाहिला होता.

"कशाचा टेम्पो?"

"मला काय ठाव? पण अक्का होती तिथं. हातात किल्ली होती." मग त्या म्हणाल्या, "तिच्या लेकीचा ढाबा हाय न्हव का हुमनाबादला? मी काय म्हणत न्हाई. तुमी बगा."

त्यांनी काय पाहिलं एवढंच मी वहीत लिहिलं: टेम्पो, पहाट, अक्का, किल्ली. पण सोमवारी मी हुमनाबादच्या बसमध्ये बसलो.

ढाबा हायवेवर आहे, ट्रक थांबतात त्या बाजूला. मी चहा मागवला आणि खुर्च्या पाहिल्या. सगळ्या प्लास्टिकच्या, लाल. आत गल्ल्यामागे एक स्टूल होतं. हात धुवायच्या निमित्ताने मी मागच्या अंगणातही जाऊन आलो. तिथे गॅसच्या टाक्या आणि कांद्याची पोती होती. परत आलो तर अक्काची लेक टेबलापाशी उभी होती.

"मामा, तुमी? आईनं काय पाठवलंय का?"

"नाही. बसस्टँडवर काम होतं."

"बसस्टँड तर मागं राहिलं की." ती हसली. चहासोबत तिने भजी आणली आणि पैसे घेतले नाहीत. निघताना आईसाठी लसणाची चटणी बांधून दिली. ती चटणी मी अक्काला दिली. हुमनाबादला का गेलो होतो हे तिने विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता भवनात बैठक झाली. तीसेक माणसं होती. पाहुण्यांची खुर्ची नसल्यामुळे अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांनी सुरुवातच तिथून केली.

"अध्यक्षाला बसायला खुर्ची न्हाई. अक्का, खुर्ची कुटं हाय?"

"हाय."

"हाय म्हंजे कुटं?"

"जितं हाय तितं हाय. येईल."

मागून एकजण म्हणाला, "पायानं चालत येईल का काय?" लोक हसले.

"तू आलास न्हव का न बोलवता? तशीच येईल," अक्का म्हणाली. आणखी लोक हसले. अप्पा हसले नाहीत.

"कुणी नेली त्याचं नाव सांग."

"नाव न्हाई सांगत."

मॅडम कन्नडमध्ये मला म्हणाल्या की, हे भवन आता सगळ्यांचं आहे, सगळ्यांना विचारायचा हक्क आहे, हे त्यांना समजावून सांगा. मी मराठीत सांगायला लागलो तर अक्का सरळ मॅडमशी कन्नडमध्ये बोलली: मला समजतं, याला मध्ये कशाला घालतेस, भवन सगळ्यांचं आहे म्हणूनच दिली. मॅडमनी ते टॅबलेटवर टिपून घेतलं.

मग बायकांच्या बाजूने प्रश्न आला, "मौत झाली का कुटं?"

"अण्णा, यादी वाचा," अप्पा म्हणाले.

मी वाचली. एक नंबर. न्हाई. दोन नंबर. न्हाई. तीन नंबर अक्काचा होता, ती म्हणाली, "मी जित्ती हाय." चार नंबर. न्हाई. घरातलं कोणी आलं नव्हतं तिथे शेजाऱ्याने उत्तर दिलं. एक्केचाळीसपर्यंत सगळी उत्तरं तीच आली. बेचाळिसावी ओळ गोडाऊनची होती. ती मी वाचली नाही. मी वही मिटली तेव्हा अक्का माझ्याकडे पाहत होती, एवढं मला आठवतं. अप्पा कुठे पाहत होते ते मी पाहिलं नाही.

ठराव मी लिहिला. भवनाची किल्ली यापुढे सचिवाकडे राहील. वस्तू परत येईपर्यंत अक्काचं नाव समितीतून कमी करण्यात येत आहे. 'चोरी' हा शब्द अप्पांनी सुचवला होता. मी 'अनधिकृतपणे बाहेर गेलेल्या वस्तू' असं लिहिलं. चोवीस सह्या झाल्या. मॅडमनी फोटो घेतला आणि सांगितलं की, रहिवाशांनी स्वतः निर्णय घेण्याची ही या भवनातली पहिली वेळ आहे. ते खरं होतं.

अक्काने किल्ली पदराखालून काढून टेबलावर ठेवली. लाटण्याच्या तुकड्यासकट. मग ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात भाकरी घ्यायला गल्लीतलं कोणी गेलं नाही. मी खिडकीतून मोजलं. कोळारला जाणारे मात्र रोजच्यासारखे आले. ते नाल्याच्या बाजूने येत होते. हे मी रोज पाहत होतो आणि कुठे लिहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी गल्लीत टेम्पो शिरला. मागे खुर्ची होती, दोरीने बांधलेली, आणि गुंडाळलेल्या दोन सतरंज्या. सोबत तिशीतला एक माणूस होता. डोकं भादरलेलं. तो आधी अक्काच्या दारापाशी गेला, खिळ्याकडे पाहिलं, आणि मग तिने दाखवलं म्हणून माझ्याकडे आला.

"काका, किल्ली तुमच्याकडं हाय म्हणं."

मी भवन उघडलं. त्याने खुर्ची एकट्याने उचलून आत नेली आणि फरशीवरच्या खुणांवर पाय बरोबर बसवले. ती धुतलेली होती. हाताच्या खाचेत विभूती राहिली होती.

"उशीर झाला," तो म्हणाला. "बाबाला गावाकडं न्यायचं होतं, औरादकडं. आमच्या शेतातच माती द्यायची होती. अक्का म्हणाली, बसवून न्या, हीच खुर्ची न्या. परत यायला टेम्पो भेटना."

"कधी वारले?"

"बुधवारी रात्री. गुरुवारी पहाटं नेलं."

"तुम्ही राहता कुठं?"

त्याने हात केला. नाल्याकडे, अप्पांच्या खोल्यांकडे. "तीन वर्सं झाली. आमी चार घरं हाव तितं. समद्यांची ड्यूटी कोळारला."

"अप्पांना माहीत आहे?"

"पहाटंच घरी निरोप दिल्ता की." मग त्याने टेबलावरचं रजिस्टर पाहिलं. "सही करायची का हितं?"

सहीच्या रकान्याआधी घर नंबरचा रकाना आहे. मी पेन हातात धरून बसलो. त्याने थोडी वाट पाहिली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तो गेला. मी परत आल्याच्या रकान्यात 'खुर्ची एक, सतरंज्या दोन' असं लिहिलं. घर नंबर कोरा ठेवला.

संध्याकाळी अप्पांना विचारलं. निरोप घरी आला असेल, आपण त्या दिवशी हुमनाबादच्या बाजारात होतो, आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं ते म्हणाले. अप्पांच्या घरातल्यांनी निरोपाबद्दल काही आठवत नसल्याचं सांगितलं. बैठकीत यादी वाचायला लावताना त्यांना मौतीची माहिती होती की नव्हती, याची खात्री मला करता आलेली नाही. हुमनाबादच्या बाजारात त्या दिवशी त्यांना पाहिलेला एक माणूस मला भेटला. त्याने वेळ दुपारची सांगितली.

अक्काकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो.

"मला एकट्याला तरी सांगायचं होतंस."

"काय सांगू? तू यादी वाचलास. त्यात ते न्हाईत." तिने भाकरी तव्यावर उलटली. "यादी कुणी लिवली?"

"मी."

"मग? नाव सांगितलं असतं तर तुमी चौघं जाऊन मयताखालची खुर्ची मोजून आला असता. आन् अप्पानं दुसऱ्या दिशी खोल्या मोकळ्या करून घेतल्या असत्या, गोडाऊन दाखवायला. बाप गेलाय, घरबी जाऊ दे म्हणू का?"

मी म्हणालो, "लोक तुला चोर समजले."

"लोक न्हाई. तू हुमनाबादला गेलास." तिने एक भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली. "लेक म्हणाली मला फोनवर. मामा चहाला आल्ते, मागचं अंगण बगून गेले. खा आता."

पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. पहिला असा: वस्तू परत आल्या आहेत, अक्काचं नाव समितीत परत घ्यावं आणि किल्ली तिच्याकडे द्यावी. दुसरा असा: यादीतली बेचाळिसावी ओळ दुरुस्त करून तिथे राहणाऱ्या चार कुटुंबांची नावं लिहावीत. पहिला एकमताने मंजूर झाला. समोरच्या घरातल्या बाईंनी सर्वांत आधी हात वर केला. दुसऱ्याबद्दल अप्पा म्हणाले की, त्या माणसांकडे नौबादच्या पत्त्याचा कागद आहे का हे आधी पाहावं लागेल. कागद कसा असेल, असं मी विचारलं. भाड्याची पावती कोणी दिलेली नाही.

"तेच म्हणायलोय मी," अप्पा म्हणाले. "कागद न्हाई तर रहिवासी कसा? पुढच्या बैठकीत बगू."

मॅडमनीही कागदाचा नियम वाचून दाखवला. त्या खोल्यांतली दोन माणसं दाराबाहेर उभी होती. बैठकीत बसायला यादीत नाव लागतं.

मंजूर झालेल्या ठरावाची प्रत आणि किल्ली घेऊन मी अक्काकडे गेलो. तिने प्रत घेतली, पिठाच्या डब्याखाली सरकवली. किल्लीला हात लावला नाही.

"आता ती मोजलेली किल्ली हाय. ठिव तुझ्याकडं."

"ठराव झालाय, अक्का."

"पैला बी झाल्ता."

समितीच्या बैठकांना ती त्यानंतर आली नाही. उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. अधिकारी खुर्चीवर बसले, मॅडमनी रहिवाशांच्या सहभागाबद्दल सांगितलं, अप्पांनी हार घातला. बेचाळिसाव्या ओळीत अजून 'गोडाऊन' आहे.

मी माझ्या दाराबाहेर खिळा ठोकला आणि किल्ली त्याला लावली, लाटण्याच्या तुकड्यासकट. लग्नाला, बारशाला लोक येतात, दार वाजवतात, सही करून वस्तू नेतात. उद्घाटनानंतर दोन मौती झाल्या. एक यादीतल्या सतरा नंबरच्या घरी, दुसरी नाल्यापलीकडच्या खोलीत. दोन्ही वेळा किल्ली खिळ्यालाच होती. दोन्ही वेळा मयत निघायच्या आधी मी भवन उघडून पाहिलं. खुर्ची जागेवर होती.